ज्याला सापडलं त्यानं शेवटी बोलायचं

रत्नागिरीत माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान चाललं ते खाऱ्या वाऱ्याच्या जिवावर. समुद्रावरून येणारा हा वारा कुणाच्याही घरात शिरून रेडिओच्या पोटात जाई, आतल्या पितळी पात्यांवर हिरवा थर चढवी आणि काही महिन्यांत ते यंत्र माझ्या टेबलावर आणून ठेवी. मुंबईहून येणारे कंपन्यांचे एजंट इथल्या हवेला नावं ठेवत. मी कधी ठेवली नाहीत. माझ्या घरची चूल तिच्यावर पेटत होती.

गिऱ्हाईकं तऱ्हेतऱ्हेची. मिरकरवाड्यातला एक तांडेल, म्हणजे होडीवरचा म्होरक्या, एकदा ट्रान्झिस्टर घेऊन आला. तो समुद्रात पडला होता. ट्रान्झिस्टरही आणि त्याला धरायला गेलेला तांडेलही. मी सेट उघडला आणि सरळ बादलीतल्या गोड्या पाण्यात बुचकळला. आतलं मीठ धुऊन काढायला दुसरा उपाय नसतो, मग उन्हात वाळवायचा. पण ते बघून तांडेल कळवळला. "बापू, येकदा बुडला तो पुरे नाय काय?" म्हणाला. लांज्याकडच्या एका बाईंना मुंबईच्या मुलानं मोठा रेडिओ पाठवला होता. त्यांची तक्रार एवढीच की बातम्या देणारा फार घाईत बोलतो, त्याला जरा सावकाश करून द्या. ते जमणार नाही म्हटल्यावर, मग दुरुस्ती दुरुस्ती म्हणता ती कसली, असं विचारून त्या निघून गेल्या.

या धंद्यात मीटर लागतो, कथील लागतं, पण निदान होतं ते कानानं. आतून संथ घरघर येत असेल तर वीजपुरवठ्यातला कपॅसिटर सुकलेला. बटण फिरवताना खरखर झाली तर आतला कार्बन झिजलेला. माणूस नाकातून बोलल्यासारखा वाटला तर स्पीकरचा कागद दमटलेला. गिऱ्हाईक सेट ठेवून घाम पुसेपर्यंत रोग काय ते मला कळलेलं असे, आणि त्याचा मला गर्व होता. मीटर मी लावायचो, पण पुष्कळदा तो गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी.

याच कानाचा मला एक छंदही होता. हौशी रेडिओ. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. सरकारची परीक्षा द्यायची, मोर्सची कट्‌कडकट्ट शिकायची, मग परवाना मिळतो आणि नावाऐवजी अक्षरांची एक खूण मिळते. स्वतः जुळवलेला ट्रान्समीटर लावायचा आणि जगाच्या पाठीवर कुठंतरी बसलेल्या दुसऱ्या तसल्याच खुळ्या माणसाशी बोलायचं. बोलायचं तरी काय? तुमचा आवाज कसा येतो, माझा कसा येतो, तुमच्याकडे हवा काय म्हणते. संपलं. माझी बायको म्हणायची, एवढंच विचारायला ब्राझीलपर्यंत कशाला जायला हवं, शेजारी विचारा.

पण लांबचा आवाज आपल्या मर्जीनं येत नाही, त्यातच सगळी मजा. उंच आकाशात एक थर असतो, त्यावर आपटून या लाटा परत खाली येतात, आणि तो थर सूर्याच्या लहरीप्रमाणे बदलत राहतो. एखादं दूरचं बेट थोडा वेळ ऐकू येतं आणि मग जातं ते जातं. म्हणून कुणाला या क्षणी काय ऐकू येतंय, ते दुसऱ्याला याच क्षणी कळण्याला मोल. आता म्हणे कुणी काही ऐकलं की लगेच साऱ्या जगाच्या संगणकांवर त्याची ओळ उमटते. आमच्या वेळी निरोप द्यायचा म्हणजे ट्रंक कॉल, आणि जोडणी मिळेपर्यंत ते बेट बुडालेलं असायचं.

म्हणून आम्ही तिघांनी एक चौकी बसवली होती. तिघं म्हणजे मी, राजापूरचे नाना आणि दाभोळचे हमीदभाई. नाना शाळेत विज्ञान शिकवत. त्यांचं घर नदीकाठी, चहूबाजूंनी डोंगर, त्यामुळे त्यांचा रेडिओ म्हणजे विहिरीत बसून गावातली भांडणं ऐकण्याचा प्रकार. हमीदभाई मालवाहू जहाजांवर वायरलेस अधिकारी होते, निवृत्त होऊन गावी आलेले. आमच्यात कान त्यांचा. पण त्यांच्या घरामागेच मासळीसाठी बर्फाचा कारखाना होता, आणि त्याची मोटर फिरत असली की हमीदभाईंच्या रेडिओत फक्त मोटरच बोलत असे.

रविवारी दुपारनंतर एकानं चौकीवर बसायचं, म्हणजे सात मेगाहर्ट्‌झवर एका ठरलेल्या जागी. तिथं आम्हाला एकमेकांचा आवाज व्यवस्थित येई. बाकीच्या दोघांनी लांबच्या स्टेशनांच्या पट्ट्यात, चौदा मेगाहर्ट्‌झवर हिंडायचं; तिथं जवळचा आवाज डोक्यावरून निघून जातो, त्यामुळे आम्ही एकमेकांना ऐकू येत नसू. कुणाला काही सापडलं की त्यानं धावत चौकीवर येऊन सांगायचं: कोण आहे, काट्यावर नेमकं कुठं आहे, किती जोरात येतोय. नियम दोनच. एक, जे स्वतःच्या कानानं ऐकलं तेवढंच सांगायचं. दुसरा, ज्याला सापडलं त्यानं शेवटी बोलायचं. आधी बाकीच्यांना हाक मारू द्यायची, त्यांचं झालं की मग आपण. दुसरा नियम हमीदभाईंचा. होडीत चढताना सगळ्यात जाणत्या माणसानं सगळ्यांत मागून चढायचं असतं, असं ते म्हणत. या नियमापायी आम्ही तिघांनीही कितीतरी देश हातचे घालवले, पण नियम कुणी मोडला नाही.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आवाज कसा येतो याला आमच्यात आकड्यांचं माप आहे. सगळ्यात चांगलं म्हणजे 'फाइव्ह नाइन', पाच स्पष्टपणाला आणि नऊ जोराला. पण लग्नघरातून निघताना जेवण कसं होतं विचारलं की आपण काही सांडग्या-पापडाची चिकित्सा करत नाही, छान म्हणतो. तसंच आमच्यात. समोरचा चिरका असो, फाटका असो, त्याला फाइव्ह नाइनच द्यायचा असा जगभर रिवाज पडलेला. आमच्या चौकीवर मात्र तो चालायचा नाही. तिथं खरा आकडा सांगायचा.

हे सगळं मजेत चाललं होतं आणि माझा उजवा कान बिघडला. आधी ठणका, मग पू, मग डॉक्टर, मग थेंब. दुखणं गेलं, पण जाताना दोन गोष्टी ठेवून गेलं. एक, त्या कानाला कमी ऐकू येऊ लागलं. दुसरी वाईट. कानात शिट्टी सुरू झाली. बारीक, एकसुरी, दिवसरात्र. आता हे दुसऱ्या कुणाला झालं असतं तर त्यानं सवय करून घेतली असती. पण मोर्सचं स्टेशन लांबून येतं ते नेमकं तसंच येतं. बारीक, एकसुरी शिट्टी. बाहेरची कुठली आणि माझ्या डोक्यातली कुठली, हे मलाच सांगता येईना.

दुकानात त्याचा पहिला दणका बसला. आंब्याच्या बागेत राखण करणारा गोविंद त्याचा रेडिओ दुरुस्त करून घेऊन गेला आणि दोन दिवसांत परत आला. भला माणूस, ओशाळूनच उभा राहिला. "बापू, रागावू नका हां. यो अजून घुरघुरतोय," म्हणाला. मी सेट लावला, कान जवळ नेला, मला काहीच घरघर ऐकू येईना. बायको आतून चहा घेऊन आली आणि दारातच म्हणाली, केवढा घुमतोय हा. तिला दारातून ऐकू आलं होतं. गोविंदाचा सेट मी परत ठेवून घेतला. ज्या कानावर संसार चालला तोच उलटला होता.

त्याच रविवारी मी चौकीवर एक स्टेशन कळवलं. पूर्वेकडचं, अगदी मंद. नानांनी शोधलं, हमीदभाईंनी शोधलं, दोघांनाही मिळालं नाही. मी परत जाऊन ऐकलं तर मलाही मिळेना. मग मी डोक्यावरचा हेडफोन काढला. शिट्टी चालूच होती. त्या क्षणी मी इतका घाबरलो की दोघांनाही माझी स्थिती होती तशी सांगून टाकली. कानाचं दुखणं, गोविंदाचा रेडिओ, सगळं. दुकान बंद करतो म्हणालो. कानाचा भरवसा नसलेल्या माणसानं लोकांच्या वस्तूंना हात लावू नये. घड्याळाच्या दुकानात वगैरे काही काम बघेन. दोघांनी समजूत घातली, नानांनी तर मास्तरांच्या आवाजात दम दिला. शेवटी असं ठरलं की थोडे रविवार थांबायचं. मी ऐकेन ते कळवत जाईन, त्यांनी पडताळून सांगायचं. त्यांना ऐकू आलं तर कान ठीक. नाही आलं तर दुकानाला कुलूप.

आणि काय सांगू, पुढच्या रविवारपासून माझा कान सुधारलाच. मी कळवलेलं प्रत्येक स्टेशन त्यांना मिळू लागलं. कधी नानांना, कधी हमीदभाईंना, पुष्कळदा दोघांनाही. सोमवारी मी दुकानात शीळ घालत काम करू लागलो. घरघर ऐकायला डावा कान लावायची सवय केली. गिऱ्हाइकांची तक्रार येईना. बायको म्हणाली, बघा, उगीच घाबरलात.

आता त्या संध्याकाळचं. ऐंशीच्या दशकाच्या मधली ती वर्षं आमच्यासाठी दुष्काळाचीच होती. सूर्यावरचे डाग कमी झाले की वरचा थर मरगळतो आणि लांबचं फारसं काही येत नाही. अशात दक्षिण अटलांटिकमधल्या एका एकुलत्या बेटावर हवामानाच्या नोंदी घेणारा एक माणूस फावल्या वेळात मोर्स वाजवतो, असं आमच्या लोकांत बोललं जात होतं. जहाज आलं की तो बेट सोडणार आणि मग तिथून बोलणारं कुणीच उरणार नाही. आम्हा तिघांनाही ते बेट कधी मिळालेलं नव्हतं. नाना तर त्यासाठी अगदी झुरत. शाळेतल्या नकाशावर त्यांनी त्या ठिपक्याभोवती गोल काढून ठेवला होता.

माझं घर मांडवीला, मागच्या पडवीपासून खडक आणि खडकापासून समुद्र. ॲल्युमिनियमचा उभा पाइप ही माझी एरियल, आणि तिच्या पायाशी जोडलेल्या तारा मी भरतीच्या ओल्या वाळूत पसरलेल्या. खाऱ्या पाण्याचा एक गुण असा की क्षितिजालगत खालून येणारा आवाज ते जपून आणतं. सूर्य समुद्राला टेकायच्या बेतात होता. चौकीवर नाना होते. मी चौदा मेगाहर्ट्‌झवर हळूहळू काटा फिरवत होतो आणि शिट्ट्यांच्या गवतात एक शिट्टी तुटक वाजली. हेडफोन काढला, ती थांबली. घातला, परत सुरू. कानातली शिट्टी अक्षरं लिहीत नाही. ही लिहीत होती. बेटाचीच अक्षरं होती आणि पुढे 'कुणी आहे का' ही आमची नेहमीची हाळी.

रेडिओवाला असल्यानं माझ्याकडे दोन सेट होते. दुसऱ्यावर मी नानांना सांगितलं, कुठं आहे ते सांगितलं, जेमतेम ऐकू येतोय हेही सांगितलं. नाना गेले. तेवढ्यात चौकीवर डोकावलेले हमीदभाईही मागोमाग गेले. मी नियमाप्रमाणे हात मांडीवर ठेवून बसलो. थोड्याच वेळात नाना परत आले. "ऐकला हो बापू. मस्त येतोय, फाइव्ह नाइन. मी हाक मारतोय, तुम्ही थांबा." मग हमीदभाई. त्यांनाही फाइव्ह नाइन.

मला आनंद झाला आणि मी ऐकत राहिलो. बेटावरचा माणूस हाळी देत होता, थांबत होता, पुन्हा हाळी देत होता. त्यानं नानांची अक्षरं वाजवली नाहीत. हमीदभाईंचीही नाहीत. मध्ये एका जपान्याला त्यानं उत्तर दिलं, म्हणजे त्याचे कान जागेवर होते. पुन्हा हाळी. माझ्या दोन दोस्तांनी मारलेल्या हाका त्याच्यापर्यंत पोचतच नव्हत्या. आणि मग हळूहळू माझ्या डोक्यात उजाडलं. समुद्रात पाय सोडून बसलेल्या मला जो जेमतेम ऐकू येतोय, तो राजापूरच्या त्या विहिरीत फाइव्ह नाइन कसा येईल? हमीदभाईंच्या बोलण्यामागे तर बर्फाची मोटर मला स्पष्ट ऐकू आली होती.

कुणी हाका मारतच नव्हतं. त्यांना काही ऐकूच येत नव्हतं. आजच नाही, गेले सगळे रविवार ते माझं मन राखत होते. म्हणजे माझ्या कानाला मिळालेलं एकही प्रशस्तिपत्र खरं नव्हतं. मी कळवलेली ती सगळी स्टेशनं माझ्या डोक्यातच वाजली असतील, आणि हेही त्यांतलंच असेल. मला राग यायला हवा होता. राग आला नाही.

आता खरं सांगू शकणारा जगात एकच माणूस उरला होता, आणि तो समुद्रापलीकडे वाजत होता, मंद होत चालला होता. तो असला तर. मी नियम मोडला. मोर्सची चावी ओढली आणि माझी अक्षरं दोनदा वाजवून थांबलो.

त्यानं उत्तर दिलं. माझी अक्षरं जशीच्या तशी, एकही न चुकता, परत माझ्याकडे आली. आणि मग माझ्या आवाजाचा आकडा. त्यानं फाइव्ह नाइन दिला नाही. तीन तीन नऊ दिला. शेवटचा नऊ मोर्सच्या सुराचा, तो सगळ्यांनाच मिळतो; पहिले दोन तीन म्हणजे कसाबसा कळतोस, फार क्षीण आहेस. इतका रद्दड आकडा मिळून इतका आनंद झालेला माणूस दुसरा नसेल. पुढं टीव्हीनं रेडिओची गिऱ्हाईकं पळवेपर्यंत मी दुकान चालवलं ते त्या आकड्याच्या भरवशावर.

पण तो अजून होता, आणि नानांचा नकाशावरचा गोल मला दिसत होता. मी त्याला विनंती केली. इथं माझे दोन मित्र आहेत, त्यांना तू नीट ऐकू येत नाहीस, त्यांच्या अक्षरांनी त्यांना हाक मार, सावकाश, पुन्हा पुन्हा. दोघांची अक्षरं दिली. तो बरं म्हणाला. मग मी दुसऱ्या सेटवर नानांना म्हणालो, "नाना, खुर्ची ओढून नीट बसा. तो तुम्हाला हाक मारणार आहे."

"अहो पण," नाना अडखळले, "माझं तर झालंय त्याच्याशी."

"झालं असू दे. परत मारतोय. जा तुम्ही."

ते गेले. बेटावरचा माणूस नानांची अक्षरं वाजवू लागला. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. आकाशातला थर कधीकधी दया केल्यासारखा एखादा आवाज थोडा वेळ वर उचलतो, तसा त्याचा आवाज त्या वेळी वर आला. भर बाजारात हजार आवाज असले तरी आपल्या नावाची हाक कानाला बरोबर लागते. मोर्सवाल्याचं आपल्या अक्षरांशी तसंच असतं. मला नानांचं उत्तर ऐकू येणं शक्य नव्हतं. मला फक्त बेटावरचा माणूस ऐकू येत होता. तो हाक मारायचा थांबला. मग त्यानं 'मिळालं, मिळालं' वाजवलं आणि नानांना त्यांचा आकडा दिला. मी पडवीत एकट्यानंच टाळ्या पिटल्या.

हमीदभाईंचं काय झालं ते मला नंतर कळलं. माझं नानांशी चाललेलं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. ते लुंगीवरच मागच्या कारखान्यात धावले आणि मोटर बंद करा म्हणाले. कारखानदार मासळी कुजेल म्हणून भांडू लागला. हमीदभाई त्याला म्हणाले, तुझी मासळी सकाळपासून मेलेलीच आहे, आणखी थोडा वेळ मेलेली राहिली तर काही बिघडत नाही. मोटर थांबली, हमीदभाई धावत परत आले, पण तोवर बेट गेलं होतं. ते त्यांना शेवटपर्यंत मिळालं नाही. याची हळहळ मला आजही आहे. त्यांना नव्हती. "मना काय करायचंय," ते म्हणाले. "मी जहाजावरनं त्या बेटाचा दिवा डोल्यांनी बघलाय."

सात मेगाहर्ट्‌झवर मग नाना आले. मास्तरांचा आवाज नेहमी वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचेल असा. तो अगदी खाली आला होता.

"बापू, तो माझी अक्षरं वाजवत होता. मी ऐकली. तुमचा कान शाबूत आहे हो."

मी म्हणालो, मला कळलंय.

"नाही, मला बोलू द्या. तुम्ही दुकान बंद करणार म्हणालात, त्या दिवशी मी आणि हमीदभाईंनी ठरवलं. तुम्ही सांगाल त्याला हो म्हणायचं. आम्हाला बहुतेक वेळा काहीसुद्धा ऐकू येत नव्हतं. आम्हाला वाटलं, तुमचं सगळं कानातलंच. आपल्या चौकीवर आम्ही इतके रविवार खोटं बोललो. पण बापू, एक सांगतो. दर वेळी आधी शोधलं. सगळा पट्टा धुंडाळला, हेडफोननं कान लाल होईपर्यंत. काहीच सापडलं नाही, तेव्हाच खोटं बोललो."

मागून हमीदभाई म्हणाले, "मी पन."

मी उत्तर द्यायला म्हणून बोलायचं बटण दाबलं. ते सोडायचं मला सुचलं नाही, आणि राजापूरपासून दाभोळपर्यंत माझं रडणं स्वच्छ ऐकू गेलं.